जुना व्यावसायिक रिपीटर दोन मीटर बँडवर आणताना: आधी डुप्लेक्सर, मग रेडिओ

विचारलेला प्रश्न असा आहे. एका हौशी रेडिओ क्लबला बंद पडलेल्या खासगी वायरलेस जाळ्यातून १५०–१७४ मेगाहर्ट्झचा, १०० वॅटचा रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेले त्याच क्षणी दुसरीवर प्रसारित करणारा संच) डुप्लेक्सरसह (ट्रान्समीटर आणि रिसीव्हरला एकच अँटेना वापरू देणाऱ्या फिल्टरसह) मोफत मिळाला आहे आणि त्याच कपाटात क्रिस्टलवर चालणारा एक त्याहूनही जुना संच आहे. यांपैकी एखादा १४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे हौशींच्या दोन मीटर बँडवर, ६०० किलोहर्ट्झ अंतराच्या जोडीवर चालवता येईल का, सोबतचा डुप्लेक्सर उपयोगी पडेल का, कंट्रोलरला (रिपीटर चालू-बंद करणाऱ्या सर्किटला) ऑडिओ कुठून द्यावा आणि पुढे डिजिटल करता येईल का, असे चार भाग त्यात आहेत.

थोडक्यात सांगायचे तर रेडिओ बहुधा जमेल, डुप्लेक्सर बहुधा जमणार नाही, आणि ऑडिओला हात सर्वांत शेवटी लावावा. बहुतेक क्लब नेमके उलट्या क्रमाने जातात. आधी कंट्रोलर विकत घेतला जातो, त्यावर आवाजी ओळख आणि घड्याळ बसवले जाते, आणि मग टेकडीवर गेल्यावर कळते की ट्रान्समीटर चालू होताच रिसीव्हर बहिरा होतो. रिपीटरचे खरे दुखणे एकच आहे: शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पन्नास वॅट ओतत असताना त्याच अँटेनातून मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा सिग्नल ऐकायचा. बाकी सगळे त्यापुढे किरकोळ आहे.

पहिली पायरी म्हणजे संचाच्या पाटीवरील मॉडेल क्रमांक उलगडून तो नेमका कोणत्या बँड-विभागासाठी बनवला आहे हे निश्चित करणे. व्यावसायिक उत्पादक १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा एकाच संचात क्वचितच देत असत. उदाहरणार्थ, मोटोरोला क्वांटारचा व्हीएचएफ संच १३२–१५४ आणि १५०–१७४ अशा दोन विभागांत येत असे. पहिला विभाग हाती लागला तर दोन मीटरसाठी तो जसाच्या तसा चालतो. दुसरा लागला तर काम वाढते, कारण १४५ हा आकडा त्याच्या खालच्या टोकापासून पाच मेगाहर्ट्झ खाली येतो. तुमच्या पाटीवर १५०–१७४ आहे, म्हणजे तुम्ही या दुसऱ्या गटात आहात.

अशा वेळी प्रोग्रॅमिंगचे सॉफ्टवेअर १४५ टाकल्यावर नकार देते आणि लोक समजतात की अडथळा तेवढाच आहे. कोडप्लगमधील (संचाच्या सेटिंगच्या फाइलमधील) आकडे हेक्स एडिटरने बदलून तो नकार टाळता येतो, पण सॉफ्टवेअरने मान्य केले म्हणून व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) तिथे लॉक होईलच, म्हणजे ती फ्रिक्वेन्सी पक्की धरेलच, असे नाही. म्हणून व्हीसीओला वळवणारे स्टिअरिंग व्होल्टेज मोजावे. संच त्याच्या मूळ पट्ट्यात १५५ वर ठेवून वाचन घ्यावे, मग १५१, १४९, १४७ असे खाली उतरत जावे आणि प्रत्येक वेळचा आकडा कागदावर लिहावा. व्होल्टेज एका टोकाला टेकायला आले की लॉक खोलीच्या तापमानाला टिकतो आणि थंडीत सुटतो. व्हीसीओच्या ट्रिमरमध्ये किंवा कॉइलमध्ये थोडा बदल करून व्होल्टेज पुन्हा मधल्या भागात आणावे लागते. सर्व्हिस मॅन्युअल हाती नसताना हे काम सुरूच करू नये. जुन्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरला अनेकदा डॉसवर चालणारा, खरा सीरियल पोर्ट असलेला संथ संगणक लागतो, ही तयारीही आधीच करून ठेवावी.

रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्यातील हेलिकल फिल्टर हा दुसरा अडसर आहे. त्याचे स्लग (जुळवणीचे स्क्रू) पूर्ण आत गेले तरी शिखर १४५ पर्यंत उतरत नसेल तर संवेदनशीलता गमावली जाते. इथे डोळ्यांनी किंवा कानांनी ठरवू नये. सर्व्हिस मॉनिटरवर १२ डेसिबल सायनॅडसाठी (खरखर आणि विकृतीच्या तुलनेत आवाज किती स्पष्ट आहे त्याचे माप) लागणारा सिग्नल मोजावा. मूळ पट्ट्यात ०.२५ मायक्रोव्होल्ट मिळत असेल आणि १४५ वर ०.३५ मिळत असेल तर फरक सुमारे तीन डेसिबलचा आहे, तो प्रीॲम्प (रिसीव्हरपुढचा ॲम्प्लिफायर) लावून भरून काढण्याचा मोह मात्र टाळावा. प्रीॲम्प कमकुवत सिग्नलबरोबर स्वतःच्या ट्रान्समीटरलाही मोठा करतो. हेलिकलच्या प्रत्येक खान्यात थोडी धारिता वाढवणे किंवा खालच्या विभागाचा फिल्टर शोधून बसवणे हा योग्य उपाय आहे.

क्रिस्टलवर चालणाऱ्या संचाचा हिशेब वेगळा आणि एका अर्थाने सोपा आहे. १९७० च्या दशकातील जनरल इलेक्ट्रिकचा मास्टर-२ आणि मोटोरोलाचा मायकोर हे या जातीचे नावाजलेले संच. आउटपुट १४५.७०० मेगाहर्ट्झ हवे असेल आणि ट्रान्समीटरचा गुणक (क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी जितक्या पट केली जाते तो आकडा) १२ असेल तर क्रिस्टल १२.१४१६६७ मेगाहर्ट्झचा लागतो. इनपुट १४५.१०० असेल, मध्यम फ्रिक्वेन्सी (रिसीव्हर आत आलेला सिग्नल ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) १०.७ असेल, लोकल ऑसिलेटर खालच्या बाजूला असेल आणि गुणक ९ असेल तर रिसीव्हरचा क्रिस्टल १४.९३३३३३ मेगाहर्ट्झचा येतो. गुणक आणि मध्यम फ्रिक्वेन्सी मॉडेलनुसार बदलतात, ती मॅन्युअलमधूनच घ्यावीत. मात्र चॅनल एलिमेंटमध्ये (क्रिस्टल बसवलेल्या डबीत) नुसता क्रिस्टल बदलून भागत नाही. त्यातील तापमान-भरपाईचे घटक मूळ क्रिस्टलशी जुळवलेले असतात, त्यामुळे नव्या क्रिस्टलबरोबर भरपाईही पुन्हा करवून घ्यावी लागते. पाच पीपीएमची (दशलक्षात पाच भागांची) घसरण १४५.७ वर सुमारे ७३० हर्ट्झ होते. आवाजाच्या एफएमला ती चालून जाते, डिजिटलला नाही.

हल्ली क्रिस्टल घासून देणारे थोडेच उरले आहेत, म्हणून त्याच्या जागी स्वस्त सिंथेसायझर मॉड्यूल बसवण्याची चाल पडली आहे. रिपीटरसाठी मी ती टाळतो. क्रिस्टलपासून गुणाकार करत जाणारी साखळी वाहकाच्या (मूळ रेडिओ लहरीच्या) दोन्ही बाजूंना सहसा बरीच स्वच्छ असते. स्वस्त मॉड्यूलचा फेज नॉइज (वाहकाभोवती पसरणारा खरखराट) ६०० किलोहर्ट्झवर किती आहे हे विकणारा सांगत नाही, आणि रिपीटरमध्ये नेमका तोच आकडा निर्णायक ठरतो.

तो का निर्णायक ठरतो, हे एकदा आकड्यांत पाहणे आवश्यक आहे, कारण डुप्लेक्सरचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. पन्नास वॅट म्हणजे अधिक ४७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). ट्रान्समीटरचा नॉइज ६०० किलोहर्ट्झवर वाहकापेक्षा दर हर्ट्झला १५० डेसिबल खाली आहे असे धरू. म्हणजे तो दर हर्ट्झला उणे १०३ डीबीएम झाला. रिसीव्हरची बँडविड्थ १२ किलोहर्ट्झ धरली तर त्यात ४१ डेसिबल मिळवायचे, म्हणजे रिसीव्हरच्या कानात उणे ६२ डीबीएमचा खरखराट येतो. त्याच बँडविड्थमध्ये औष्णिक नॉइज उणे १३३ डीबीएम असतो आणि सहा डेसिबल नॉइज फिगर (रिसीव्हरने स्वतः वाढवलेला नॉइज) असलेल्या रिसीव्हरचा तळ उणे १२७ वर येतो. ट्रान्समीटरचा नॉइज या तळाच्या बरोबरीला आणला तरी रिसीव्हर तीन डेसिबल बहिरा होतो. तो तळापेक्षा दहा डेसिबल खाली ढकलला तर नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आत राहते. उणे ६२ पासून उणे १३७ पर्यंत न्यायचे म्हणजे ७५ डेसिबल पृथक्करण (दोन बाजूंमधील अडथळा) हवे. ट्रान्समीटर दहा डेसिबल अधिक घाणेरडा असेल तर ८५ हवे. हे पृथक्करण डुप्लेक्सरच्या ट्रान्समीटरकडील बाजूने, रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर द्यायचे असते. रिसीव्हरकडील बाजू वेगळे काम करते. ती मूळ वाहकाला अडवते, जेणेकरून अधिक ४७ डीबीएमचा वाहक उणे ३० च्या आसपास किंवा त्याखाली येऊन रिसीव्हरचा पुढचा टप्पा गुदमरू नये.

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ट्रान्समीटरचा नॉइज रिसीव्हरच्या स्वतःच्याच फ्रिक्वेन्सीवर पडतो, त्यामुळे रिसीव्हरपुढे कितीही चांगला फिल्टर लावला तरी तो जात नाही. तो उगमापाशीच अडवावा लागतो.

आता तुमच्या डुप्लेक्सरविषयी. कपाटात बसणारा चपटा, सहा छोट्या खान्यांचा जो प्रकार व्यावसायिक संचांबरोबर येतो तो साधारणपणे चार-पाच मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक अंतरासाठी बनवलेला असतो. लहान खान्यांचा क्यू (रेझोनन्सची तीक्ष्णता) कमी असतो. ६०० किलोहर्ट्झवर नॉच (नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारी खाच) आणणे भाग पडले की ती नॉच पास फ्रिक्वेन्सीलाही (जी जाऊ द्यायची तिलाही) खाऊ लागते, म्हणजे पृथक्करण अपुरे आणि तोटा भरपूर अशी दोन्हीकडून हानी होते. हा डुप्लेक्सर ट्यून करण्यात आठवडे घालवू नयेत. यूएचएफवर पाच मेगाहर्ट्झच्या जोडीसाठी मात्र याच घडणीचे, त्या बँडचे डुप्लेक्सर उत्तम चालतात. फुकट मिळालेल्या सामानातून पहिला रिपीटर उभारायचा असेल तर यूएचएफ संच शोधणे अधिक शहाणपणाचे, हे माझे स्पष्ट मत आहे.

दोन मीटरवरच राहायचे असेल तर चार किंवा सहा मोठ्या कॅव्हिटींचा (धातूच्या रेझोनंट नळकांड्यांचा), पास आणि नॉच दोन्ही असलेला डुप्लेक्सर मिळवावा. १४५ वर पाव लहर सुमारे ५२ सेंटिमीटर भरते, म्हणून या कॅव्हिटी अर्ध्या मीटरच्या आसपास उंच असतात, त्यांना पर्याय नाही. १५०–१७४ साठी बनवलेल्या मोठ्या कॅव्हिटी अनेकदा १४५ पर्यंत उतरतात, कारण मधला दांडा तेवढा खाली सरकतो. मात्र कॅव्हिटींना जोडणाऱ्या केबलींची लांबी फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असते. १५५ साठी कापलेली केबल १४५ साठी सुमारे सात टक्के लांब लागते. पाव लहरीची नवी केबल सूत्राने काढायला गेल्यास ०.६६ वेगांकाच्या (प्रकाशाच्या तुलनेत केबलीतील वेगाच्या) कोॲक्ससाठी ३४ सेंटिमीटर येतात, पण त्यात कनेक्टर आणि कॅव्हिटीतील लूप यांचाही वाटा धरलेला असतो. म्हणून जुनी केबल मोजून त्याच प्रमाणात वाढवणे अधिक भरवशाचे.

या केबलींसाठी दुहेरी जाळीचा आरजी-२१४ किंवा आरजी-४०० वापरावा. एकेरी जाळीचा आरजी-५८ इथे गळका ठरतो. ॲल्युमिनियम फॉइलवर कथील लावलेली जाळी असलेला, तोट्याने कमी आणि किमतीने परवडणारा केबल दिसायला आकर्षक असतो, पण पूर्ण डुप्लेक्समध्ये दोन धातूंच्या घासण्यातून तो कालांतराने खरखर निर्माण करतो. डुप्लेक्सर आणि अँटेना यांच्यामध्येही तो टाळावा, तिथे पन्हळी तांब्याचा हार्डलाइन घालावा. कनेक्टर एन प्रकारचेच ठेवावेत.

ट्यूनिंग करताना प्रत्येक कॅव्हिटी सुटी करून जुळवावी. लहान, स्वस्त व्हीएनएची (फिल्टरचा प्रतिसाद मोजणाऱ्या उपकरणाची) गतिक कक्षा पूर्ण डुप्लेक्सरची ८५–९० डेसिबलची खोली दाखवण्यास अपुरी पडते, पण एका कॅव्हिटीची २५–३५ डेसिबलची नॉच तो नीट दाखवतो. पास फ्रिक्वेन्सी परतावा-तोट्याच्या (सिग्नल कमीत कमी परत फिरतो त्या) सर्वांत खोल बिंदूवर ठेवावी, नॉच नंतर बसवावी, आणि नॉच बसवल्याने पास किंचित सरकते म्हणून दोन्ही पुन्हा एकदा पाहावेत. सगळे जोडल्यावर शेवटची नॉच सिग्नल जनरेटर आणि संवेदनशील रिसीव्हर घेऊन तपासावी. दीड डेसिबल तोट्याचा डुप्लेक्सर पन्नास वॅटचे पस्तीस करतो. याबद्दल हळहळ वाटून कॅव्हिटी कमी करण्याचा विचार मनात येतो, तो काढून टाकावा.

डीसेन्सची (स्वतःच्या ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बहिरा होण्याची) चाचणी हा या सगळ्या कामाचा न्यायनिवाडा आहे आणि ती अशी करावी. डुप्लेक्सरच्या अँटेना तोंडाला डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) जोडावा. रिसीव्हरकडील केबलीत एक टी-कपलर घालून त्यातून सिग्नल जनरेटरचा क्षीण सिग्नल द्यावा आणि १२ डेसिबल सायनॅड येईपर्यंत पातळी जुळवावी. मग ट्रान्समीटर हाताने चालू करावा. सायनॅड घसरले तर जनरेटरची पातळी वाढवून ते परत १२ वर आणावे. जितके डेसिबल वाढवावे लागले तितका डीसेन्स. एक डेसिबलपर्यंत असेल तर काम उत्तम झाले आहे. डमी लोडवर शून्य आणि खऱ्या अँटेनावर सहा डेसिबल येत असतील तर दोष कपाटात नसून वर आहे: गंजलेला सांधा, सैल कनेक्टर, पाणी शिरलेला फीडर किंवा टॉवरवरचा एखादा गंजका बोल्ट. कपाटातील केबली हलवून, दरवाजा उघडझाप करून आकडा बदलतो का तेही पाहावे. बदलत असेल तर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामधील पत्रा, फीडथ्रू कपॅसिटर आणि अर्थ यांकडे लक्ष द्यावे. दोन हॅन्डसेट किंवा दोन मोबाईल संच पाठीला पाठ लावून केलेले रिपीटर इथेच नापास होतात.

शक्तीबाबत माझा आग्रह असा की १०० वॅटचा संच ४५–५० वॅटवर चालवावा. सातत्याने चालण्याच्या दर्जाचा स्टेशन संच शंभर वॅट झेपवतो, पण गर्दीच्या संध्याकाळी रिपीटर तासन्‌तास चालू राहतो आणि जुने पंखे अर्धमेले झालेले असतात. मूळ मोबाईल संचापासून बनवलेला रिपीटर असेल तर शक्ती याहूनही खाली न्यावी, कारण मोबाईलचा पीए (पॉवर ॲम्प्लिफायर) थांबत-थांबत बोलण्यासाठी घडवलेला असतो. मात्र जुन्या क्लास-सी ॲम्प्लिफायरला फार खाली ओढले तर तो स्वतःच डोलू लागतो, म्हणून कमी केलेल्या शक्तीवर स्पेक्ट्रम तपासावा. संचात आयसोलेटर (शक्ती एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर तो काढून ठेवू नये. एकाच टॉवरवर इतर ट्रान्समीटर असताना तोच इंटरमॉडपासून (ट्रान्समीटर एकमेकांत मिसळून होणाऱ्या नको त्या सिग्नलांपासून) वाचवतो. तो १५० च्या वर जुळवलेला असेल तर १४५ वर त्याचा तोटा मोजून पाहावा, आणि त्याच्यानंतर लो-पास फिल्टर असल्याची खात्री करावी.

पॉवर सप्लायविषयी एक इशारा आवश्यक आहे. जुन्या अमेरिकी स्टेशन संचांत फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो ६० हर्ट्झला जुळवलेला असतो. ५० हर्ट्झवर तो व्होल्टेज धरत नाही, गुरगुरतो आणि तापतो. तिथे सरळ आधुनिक सप्लाय घालावा. त्या ट्रान्सफॉर्मरच्या रेझोनन्स कपॅसिटरवर शेकडो व्होल्टचा एसी असतो, तेव्हा झाकण उघडून प्रयोग करू नयेत. १९७९ पूर्वीच्या अशा कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकते, गळका दिसल्यास उघड्या हाताने शिवू नये. तसेच जुन्या आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या चकतीत बेरिलियम ऑक्साइड असते. तो फोडू किंवा घासू नये, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

आता ऑडिओ. रिसीव्हरमधून दोन ठिकाणी ऑडिओ मिळतो: डिस्क्रिमिनेटरपाशी (एफएममधून आवाज काढणाऱ्या सर्किटपाशी), जिथे प्रेषणात उचललेले वरचे स्वर तसेच असतात, आणि स्पीकरकडे जाताना, जिथे डीएम्फसिस होऊन (ती उचल उतरवून) तो सपाट झालेला असतो. ट्रान्समीटरमध्येही दोन जागा असतात: माइक इनपुट, जिथे ऑक्टेव्हमागे सहा डेसिबलची प्रीएम्फसिस (वरच्या स्वरांची उचल) होते, आणि थेट मॉड्युलेटर, जिथे होत नाही. डिस्क्रिमिनेटर माइकला जोडला तर आवाज कर्कश होतो. डीएम्फसिस झालेला ऑडिओ थेट मॉड्युलेटरला दिला तर तो घागरीतून बोलल्यासारखा घुमतो. दोन्ही टोके एकाच जातीची ठेवावीत, एवढाच नियम. तपासणीसाठी इनपुटवर ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनचा (आवाजामुळे वाहक जितका सरकतो त्याचा) १ किलोहर्ट्झ टोन द्यावा आणि आउटपुटवर तेवढेच डेव्हिएशन येईल असे जुळवावे, मग डेव्हिएशन तेवढेच ठेवून ४०० आणि २५०० हर्ट्झवर पाहावे. कमाल डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झवर मर्यादित करून सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा, आवाजाखालचा सूर) ५०० ते ७५० हर्ट्झ डेव्हिएशनवर ठेवावा.

संच अरुंद चॅनलसाठी प्रोग्रॅम केलेला नाही ना, हेही पाहावे. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून १५०–१७४ आणि ४२१–४७० मेगाहर्ट्झवरील व्यावसायिक संचांना १२.५ किलोहर्ट्झची सक्ती झाली आणि रुंद चॅनलचे असंख्य संच अडगळीत गेले. आपल्याला मिळणाऱ्या मालात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि ते हौशी वापराला सोयीचेच आहेत. त्यानंतरचा संच असेल तर त्याचा रिसीव्हर २.५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनसाठी जुळवलेला असू शकतो आणि आपला रुंद आवाज त्यात चिरकतो.

स्क्वेल्चची (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणाऱ्या भागाची) सूचना कंट्रोलरला सीओआर रेषेवरून (सिग्नल आल्याची खूण देणाऱ्या तारेवरून) द्यावी. ती रेषा वर असताना सक्रिय आहे की खाली असताना, आणि तिचा ट्रान्झिस्टर किती प्रवाह झेपवतो, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. मायकोरमधील स्क्वेल्च अजूनही लोक आठवतात, कारण तो ठणठणीत सिग्नल संपताच चटकन बंद होतो आणि डळमळीत सिग्नलवर थोडा रेंगाळतो. तुमच्या कपाटातला जुना संच मायकोर असेल तर तो भाग जपून ठेवावा.

हवेत जाण्यापूर्वी संचातील जुन्या मालकाचे सर्व चॅनल पुसावेत, एन्क्रिप्शनचे मॉड्यूल व किल्ल्या काढाव्यात, टाइम-आउट टायमर आणि ओळखसंकेत परवान्याच्या अटींप्रमाणे लावावेत. फ्रिक्वेन्सींची जोडी मिळण्याआधी क्रिस्टल मागवू नयेत आणि कॅव्हिटी ट्यून करू नयेत.

राहिला डिजिटलचा प्रश्न. ज्या ट्रान्समीटरमध्ये फेज मॉड्युलेटर आहे त्याच्यावर डिजिटल लादू नये, कारण खालच्या फ्रिक्वेन्सी त्यातून नीट जात नाहीत. सिंथेसाइज्ड संचातही मॉड्युलेशन केवळ व्हीसीओला दिलेले असेल तर लूप स्वतःच खालचा भाग पुसून टाकतो. व्हीसीओ आणि संदर्भ ऑसिलेटर अशा दोन्ही ठिकाणी मॉड्युलेशन जाणारा संच असेल तरच डिस्क्रिमिनेटर आणि सपाट मॉड्युलेटर यांमध्ये एमएमडीव्हीएमसारखा मोडेम बोर्ड बसवावा आणि बिट-त्रुटी मोजून दोन्ही पातळ्यांचा समतोल साधावा. तुमच्या सिंथेसाइज्ड संचात हे दुहेरी मॉड्युलेशन आहे की नाही, ते एक्सायटरच्या (ट्रान्समीटरच्या पहिल्या टप्प्याच्या) आकृतीवरून एका नजरेत कळेल. क्रिस्टलचा संच मात्र ॲनालॉगवरच ठेवावा.